राष्ट्रपती आपला, सत्ता कुणाची?

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी लोक उठले तेव्हा बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार होता. संतापलेली माणसे रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि १० निरपराध माणसे मारली गेली. चार दिवसांनी आमच्या चळवळीचे शाहीर विलास घोगरे यांनी गळफास लावून घेतला. त्याच आठवड्यात, गोळीबारानंतर तीनच दिवसांनी, देशात राष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले आणि २५ जुलै १९९७ रोजी के. आर. नारायणन यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. केरळातल्या उझवूर या खेड्यात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबात जन्मलेला माणूस देशाचा पहिला नागरिक झाला.

आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो. एकाच पंधरवड्यात आमच्या वस्तीने दुखवटाही पाळला आणि पेढेही वाटले. बुद्धविहाराच्या ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे एकमेकांना सांगत होती, "आता आपला माणूस दिल्लीत बसला. आता बघू कोण गोळी घालतंय!" त्या बोलण्यात भाबडेपणा होता, पण त्यामागे शतकानुशतकांची भूक होती. त्या म्हाताऱ्यांना हसण्याचा अधिकार कुणालाही नाही.

परंतु पुढे काय झाले? रमाबाई नगरातील गोळीबाराचा आदेश देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ मध्ये. म्हणजे बारा वर्षांनी! तोपर्यंत नारायणन यांची कारकीर्द संपून गेली होती, ते हयातही नव्हते. आणि ही शिक्षा राष्ट्रपती भवनातून आलेली नव्हती. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांनी चौकशी आयोगापुढे आणि न्यायालयात उभे राहून दिलेल्या साक्षींतून ती आली होती.

नारायणन यांच्यानंतर २५ जुलै २०१७ रोजी रामनाथ कोविंद आणि २५ जुलै २०२२ रोजी द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. दरवेळी आमच्या वस्त्यांत, आदिवासी पाड्यांत तोच आनंद आणि दोन-तीन वर्षांनी तोच प्रश्न: "आपला राष्ट्रपती होऊन आपल्याला काय मिळाले?" या प्रश्नाचे उत्तर चळवळीने एकदा नीट समजून घेतले पाहिजे. अर्धवट उत्तरावर उभी राहिलेली आशाही फसवी असते आणि निराशाही.

काही काळापूर्वी आमच्याकडे मराठवाड्यातल्या एका खेड्यातून एक गृहस्थ आले. वय साठीच्या पुढचे. गायरानावरच्या त्यांच्या उभ्या पिकात गावातल्या सवर्णांनी जनावरे सोडली होती, जातीवाचक शिवीगाळ केली होती. ठाण्यात गेले तर अदखलपात्र नोंद करून बोळवण केली गेली. तेव्हा त्यांनी गावातल्या मास्तरांकडून थेट राष्ट्रपतींना अर्ज लिहून घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले उत्तर त्यांनी आमच्या टेबलावर ठेवले.

"वकीलसाहेब, उत्तर आलंय."

उत्तर काय होते? आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी राज्य शासनाकडे पाठवण्यात आला आहे. राज्याने तो जिल्ह्याला पाठवला, जिल्ह्याने तालुक्याला, आणि तालुक्याहून तो त्याच ठाण्यात, त्याच जमादाराच्या टेबलावर आला ज्याच्याविरुद्ध तक्रार होती. जमादाराने त्यांना बोलावून घेतले आणि विचारले, "राष्ट्रपतीकडं गेला होता व्हय रं?"

यात राष्ट्रपती कार्यालयाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. राष्ट्रपतींकडे पोलीस नाहीत, तपास यंत्रणा नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांचे आहेत. रमाबाई नगरात गोळी चालली ती राज्याच्या गृहखात्याची होती आणि बाबांच्या पिकात जनावरे घुसली तेव्हा डोळे झाकून बसले तेही राज्याचेच खाते होते. पण हे त्या बाबांना कुणी सांगितले होते काय? आम्ही, चळवळीतल्या शिकलेल्या माणसांनी, सांगितले होते काय?

आता घटना काय म्हणते ते पाहू. कलम ५३ वाचले की वाटते, संघराज्याची सारी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे. तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च अधिपत्य त्यांच्याकडे. सरन्यायाधीशांपासून राज्यपालांपर्यंत नेमणुका त्यांच्या सहीने होतात. परंतु कलम ७४ या साऱ्या वैभवाला एकाच वाक्यात कुंपण घालते. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे लागते. १९७४ मध्ये शमशेरसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हे निःसंदिग्धपणे सांगितले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते घटनेच्या शब्दांतच आणले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने एवढीच फट ठेवली की राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. मंत्रिमंडळाने तोच सल्ला पुन्हा दिला की सही करणे बंधनकारक. संसदेने मंजूर केलेल्या साध्या विधेयकाचेही कलम १११ प्रमाणे असेच आहे, आणि घटनादुरुस्तीच्या विधेयकाला तर १९७१ पासून संमती द्यावीच लागते.

ही रचना काही अपघाताने झालेली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी हे अगदी स्पष्ट केले होते. आपल्या राष्ट्रपतीचे आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे नाव इंग्रजीत एकच असले तरी दोघांत साम्य त्यापुढे जात नाही. आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करीत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. अमेरिकेची पद्धत स्थैर्य अधिक देते, आपली पद्धत जबाबदारी अधिक मागते, म्हणून आपण दुसरी निवडली, हेही त्यांनी सांगितले. सरकारला रोज लोकप्रतिनिधींपुढे उत्तर द्यावे लागावे, ही बाबासाहेबांची निवड होती.

तरीही काही तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "बाबासाहेबांनी राष्ट्रपतीला थोडे जास्त अधिकार दिले असते तर आज आपला राष्ट्रपती काही करू शकला असता ना?" या तरुणांना आम्ही १९५१ सालचा एक प्रसंग सांगतो.

बाबासाहेब कायदामंत्री होते. हिंदू स्त्रीला वारसाहक्क, घटस्फोट, दत्तकाचा अधिकार देणारे हिंदू कोड बिल त्यांनी जिवाचे रान करून संसदेपुढे आणले होते. राष्ट्रपती होते डॉ. राजेंद्रप्रसाद. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहून कळवले की या विधेयकाबाबत आपण स्वतःच्या विवेकबुद्धीने निर्णय घेऊ इच्छितो. सरळ अर्थ असा की संसदेने बिल मंजूर केले तरी राष्ट्रपती ते अडवू शकतील! नेहरूंनी अॅटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत मागवले. दोघांनीही सांगितले की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. त्या वेळी सनातन्यांच्या दबावाखाली सरकारनेच कच खाल्ली, बिल बारगळले आणि बाबासाहेबांनी राजीनामा दिला, हा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु पुढे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आणि १९५६ मध्ये वारसा कायदा झाला, तेव्हा त्यावर सही कुणाची होती? त्याच राजेंद्रप्रसादांची! मनात नसतानाही त्यांना सही करावी लागली.

ज्या कलमाने नारायणन यांचे हात बांधले, त्याच कलमाने राजेंद्रप्रसादांचेही हात बांधले होते. आपला माणूस खुर्चीत असताना कुंपण नको आणि त्यांचा माणूस असताना कुंपण हवे, असे घटनेत चालत नाही. आणि हिशेबच करायचा तर १९५० पासून त्या खुर्चीत किती काळ आपली माणसे बसली आणि किती काळ त्यांची, हेही मोजावे. ते मोजले की बाबासाहेबांनी हे कुंपण का घातले ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नसताना राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. म्हणूनच ४४ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय आणीबाणी जाहीर करण्यावर बंदी घातली. एका माणसाच्या सहीवर देश सोडणे किती महाग पडते, हे आपण अनुभवलेले आहे.

मग राष्ट्रपती नुसता शिक्काच म्हणायचा काय? नाही. त्या अरुंद जागेत ताठ उभे राहता येते, हे नारायणन यांनी दाखवून दिले.

१९९७ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत हाणामारी झाली. राज्यपालांच्या शिफारशीवरून केंद्रातील गुजराल सरकारने कल्याणसिंग सरकार बरखास्त करण्याचा सल्ला दिला. नारायणन यांनी तो फेरविचारासाठी परत पाठवला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. लक्षात घ्या, कल्याणसिंग काही आपले नव्हते. बाबरी मशीद पडली तेव्हाचे ते मुख्यमंत्री. तरीही नारायणन यांनी माणूस पाहिला नाही, घटना पाहिली. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये वाजपेयी सरकारने बिहारमधील राबडीदेवी सरकार बरखास्त करण्याचा सल्ला दिला, तोही त्यांनी परत पाठवला.

पण याच बिहारने राष्ट्रपतींच्या अधिकाराची हद्दही दाखवली. १ डिसेंबर १९९७ रोजी, नारायणन यांना शपथ घेऊन पाच महिनेही झाले नव्हते, रणवीर सेनेने लक्ष्मणपूर-बाथे येथे ५८ दलितांची कत्तल केली. त्यात बायका होत्या, तान्ही मुले होती. नारायणन यांनी तिला राष्ट्रीय शरम म्हटले. देशाच्या सर्वोच्च खुर्चीवरून आलेला तो शब्द खरा होता, कळवळ्याचा होता. पण शब्दाने तपास होत नाही. एप्रिल २०१० मध्ये पाटण्याच्या सत्र न्यायालयाने २६ जणांना दोषी ठरवले, १६ जणांना फाशी आणि १० जणांना जन्मठेप दिली. ऑक्टोबर २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून सर्वच्या सर्व २६ जणांना निर्दोष सोडले. मग ५८ माणसे मारली कुणी? वकील म्हणून आम्हाला ठाऊक आहे की अशा खटल्याचा निकाल पहिल्या चोवीस तासांतच ठरत असतो. फिर्याद कशी लिहिली गेली, पंचनामा कुणी केला, साक्षीदाराला संरक्षण मिळाले की नाही, सरकारी वकील कुणी नेमला, यावर तो ठरतो. यातली एकही गोष्ट राष्ट्रपती भवनात होत नाही.

१९९९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बिहारमध्ये शंकरबिघा आणि नारायणपूर येथे पुन्हा दलितांची हत्याकांडे झाली. केंद्राने राष्ट्रपती राजवटीचा सल्ला पुन्हा दिला आणि या वेळी नारायणन यांनी सही केली. पुढे काय झाले? कलम ३५६ प्रमाणे अशा घोषणेला दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. लोकसभेत ती मिळाली. राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते. महिनाभरातच घोषणा मागे घेतली गेली आणि राबडीदेवी पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. राजवटीला नाव राष्ट्रपतींचे, पण ती टिकायची की जायची हे ठरवले राज्यसभेतल्या आकड्यांनी!

न्यायाधीशांच्या नेमणुकांचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांच्या फाइलवर नारायणन यांनी शेरा लिहिला, त्याचा आशय असा होता की अनुसूचित जाती-जमातींतील पात्र व्यक्ती उपलब्ध आहेत आणि त्यांना अत्यल्प स्थान असणे किंवा मुळीच नसणे समर्थनीय ठरणार नाही. १९९९ च्या जानेवारीत ही गोष्ट बाहेर आली तेव्हा मनुवादी वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला! राष्ट्रपती न्यायालयात आरक्षण आणू पाहतात, अशी ओरड झाली. 'गुणवत्ता' हा त्यांचा आवडता शब्द पुन्हा बाहेर आला. प्रत्यक्षात १९९३ आणि १९९८ च्या निकालांनी नावे ठरवण्याचा अधिकार न्यायमूर्तींच्या निवड मंडळाने, म्हणजे कॉलेजियमने, स्वतःकडे घेतला होता. राष्ट्रपती शेरा लिहू शकत होते, नाव सुचवू शकत नव्हते. २००० च्या जूनमध्ये न्या. के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले आणि २००७ मध्ये सरन्यायाधीश झाले. २०१० मध्ये ते निवृत्त झाल्यावर न्या. भूषण गवई येईपर्यंत, म्हणजे मे २०१९ पर्यंत, नऊ वर्षे त्या न्यायालयात अनुसूचित जातीचा एकही न्यायमूर्ती नव्हता. यातली शेवटची दोन वर्षे राष्ट्रपती कोविंद होते. खुर्चीत आपला माणूस होता, पण नावांची यादी दुसऱ्या दालनात तयार होत होती.

नारायणन यांचे सर्वांत मोठे काम आमच्या मते २७ जानेवारी २००० चे. प्रजासत्ताकाला ५० वर्षे झाल्याचा समारंभ संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात होता. वाजपेयी सरकारने घटनेच्या फेरआढाव्याची तयारी चालवली होती. त्या सभागृहात, पंतप्रधानांसमोर, नारायणन यांनी प्रश्न विचारला की घटनेने आपल्याला अपयशी केले की आपणच घटनेला अपयशी केले, याचा विचार आधी करा. पुढच्याच महिन्यात न्या. व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, तो काही थांबला नाही. पण त्याला घटनेचा मूळ पाया बदलण्याची भाषा उघडपणे करता आली नाही. देशभर आपले लोक रस्त्यावर उतरले होते आणि त्यांच्या घोषणांना देशाच्या पहिल्या नागरिकाच्या शब्दाचा आधार होता. वरून शब्द आणि खालून रेटा असे दोन्ही एकत्र आले की मगच काही घडते.

शब्दालाही मर्यादा आहे, हे २००२ ने दाखवले. गुजरात जळत असताना आपण पंतप्रधानांना पत्रे लिहिली, लष्कर पाठवण्याची विनंती केली, असे नारायणन यांनी पुढे २००५ मध्ये एका मल्याळी मासिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितले. सेनादलांचे सर्वोच्च अधिपती विनंती करतात! ती पत्रे माहितीच्या अधिकारात मागितली गेली. केंद्रीय माहिती आयोगाने ती सादर करण्यास सांगितले. सरकार न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ७४(२) च्या आधारे आयोगाचा आदेश रद्द केला. २००२ मध्ये नारायणन यांना दुसरी संधी मिळाली नाही. ती कोण देणार होते? कलम ५४ प्रमाणे राष्ट्रपती निवडतात खासदार आणि आमदार. उमेदवार ठरवतात पक्ष. पुणे करारानंतर राखीव जागेवरच्या प्रतिनिधीची जी कोंडी झाली, तीच कोंडी येथे अधिक उंचीवर आहे. ज्यांच्या मतांवर निवडून यायचे त्यांच्या मर्जीबाहेर जायचे नाही, हा नियम सरपंचापासून राष्ट्रपतीपर्यंत सगळ्यांना लागू आहे.

आता अलीकडचा अनुभव घ्या. २० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. प्राथमिक चौकशीशिवाय गुन्हा नाही, परवानगीशिवाय अटक नाही. राष्ट्रपती कोविंद होते. त्यांच्या हातात निकाल फिरवण्याचा कोणताही अधिकार नव्हता. मग निकाल फिरवला कुणी? २ एप्रिल २०१८ रोजी कोणत्याही मोठ्या पक्षाच्या हाकेची वाट न पाहता देशभर आमचे लोक रस्त्यावर आले. अनेकांनी प्राण दिले, हजारोंवर खटले भरले गेले. चार महिन्यांत संसदेने कलम १८-अ घालून कायदा पूर्ववत केला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यावर कोविंद यांची सही झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. कागदावर सही राष्ट्रपतींची आहे. पण त्या सहीखाली २ एप्रिलच्या शहिदांचे रक्त आहे, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

द्रौपदी मुर्मू यांचा अनुभवही तेच शिकवतो. झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ मध्ये त्यांनी छोटा नागपूर आणि संथाल परगणा कुळकायद्यांतील दुरुस्तीची विधेयके परत पाठवली. सरकार त्यांच्याच पक्षाचे होते, तरी ते मागे हटले. का? सारे झारखंड जमिनीसाठी पेटून उठले होते. राष्ट्रपती झाल्यावर, ऑगस्ट २०२३ मध्ये, वनसंवर्धन कायद्यातील दुरुस्तीला त्यांनी संमती दिली. अनेक आदिवासी संघटनांचा तिला विरोध होता. व्यक्ती तीच, समाज तोच. फरक एवढाच की रांचीत लोकांचा रेटा सरकारच्या उरावर होता आणि दिल्लीत तो तेवढा नव्हता. मात्र त्याच मुर्मू यांनी २६ नोव्हेंबर २०२२ रोजी संविधान दिनी सर्वोच्च न्यायालयाच्या समारंभात, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून तुरुंगात सडणाऱ्या गरिबांचा विषय काढला. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने अशा कैद्यांची माहिती मागवली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या सुटकेसाठी निर्देश दिले. राष्ट्रपतींनी तोंड उघडले तर काय होऊ शकते, याचा हा नमुना.

बौद्धांना तर हा धडा फार पूर्वीच मिळाला आहे. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश 'राष्ट्रपतींचा आदेश' म्हणून ओळखला जातो. त्यात धर्माची अट होती. १९५६ मध्ये आम्ही दीक्षा घेतली आणि केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीचे उरलो नाही. राष्ट्रपतींचा आदेश, मग राष्ट्रपतींना भेटून बदलून घ्या, असे वाटणे साहजिक होते. पण कलम ३४१(२) प्रमाणे ती यादी एकदा निघाली की बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला. ३४ वर्षे मोर्चे, निवेदने, उपोषणे झाली. या काळात एकामागून एक राष्ट्रपती आले आणि गेले. अखेर १९९० मध्ये व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेने कायदा केला आणि बौद्धांना न्याय मिळाला.

आमच्या चळवळीत या विषयावर दोन टोके आहेत. एक टोक म्हणते, आपला माणूस वर बसला, आता झाले. दुसरे टोक म्हणते, तो शिक्का आहे, चमचा आहे, त्याचे नावही घेऊ नका. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. पहिले टोक आपल्याला झोपवते. दुसरे टोक आपल्याच माणसांनी मिळवलेल्या प्रत्येक जागेवर थुंकायला शिकवते आणि त्याने टाळ्या कुणाच्या वाजतात हे पाहत नाही. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीत आपल्यासारख्या चेहऱ्याचा राष्ट्रपती पाहून एखादी पोर ताठ मानेने वर्गात बसत असेल, तर ती गोष्ट लहान नाही. पण त्या पोरीची शिष्यवृत्ती वेळेवर जमा होणे हे तसबिरीचे काम नाही. ते समाजकल्याण खात्याचे काम आहे आणि त्या खात्याला जाब विचारणे हे आपले काम आहे.

म्हणून प्रश्न योग्य दारात विचारायला शिका. अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत नियम १६ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय दक्षता व नियंत्रण समिती आहे. तिची बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, झाली पाहिजे. नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती आहे, तिची बैठक दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली? इतिवृत्त कुठे आहे? कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कायद्याच्या कलम ४ खाली शिक्षा आहे. ते कलम कितीदा लावले गेले? हे प्रश्न विचारायला राष्ट्रपती लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दारात उभी राहणारी पन्नास माणसे लागतात.

आम्ही त्या बाबांना हेच सांगितले. राष्ट्रपतींचे पत्र फाडू नका, जपून ठेवा, पण आता दुसरा अर्ज लिहू. एक अर्ज पोलीस अधीक्षकांना, एक जिल्हा समितीला, आणि इतिवृत्तासाठी माहितीचा अर्ज. गावातली वीस-पंचवीस माणसे घेऊन ते जिल्ह्याला गेले. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला गुन्हा नोंदला गेला. खटला अजून उभा राहायचा आहे, साक्षीदार टिकायचे आहेत. लढाई जिंकली असे आम्ही म्हणणार नाही. पण परवा ते आले तेव्हा म्हणाले, "आता जमादार 'अहो' म्हणतोय."

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी बजावले होते की घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारी माणसे वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल. राबवणारी माणसे रायसीना टेकडीवर फार थोडी आहेत. बाकी सारी ठाण्यात, तहसिलीत, मंत्रालयात, विधानसभेत बसलेली आहेत. दर पाच वर्षांनी २५ जुलै येईल आणि कुणीतरी शपथ घेईल. तो आपला असला तर आपण जरूर पेढे वाटू. पण दरवर्षी ११ जुलैही येतो. त्या दिवशी रमाबाई नगरच्या शहीद स्मारकापुढे उभे राहताना, गेल्या वर्षभरात आपण कोणकोणत्या दारात जाऊन जाब विचारला, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःला द्यावा.

जय भीम!